मधलीं चित्रें

आमच्या वाड्याची चार मजली इमारत होऊन बरींच वर्षें झालीं, तरी बाहेरच्या खोलीला आम्ही अजून ओसरीच म्हणतों. गेल्या महिन्यांतील एका रविवारीं सकाळीं आठ वाजतां आमचा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, आंघोळ उरकून व केंस नीट विंचरून या ओसरीवर येऊन उभा राहिला, तेव्हांच मीं ताडलें कीं कांहींतरी काम आहे. नारायण पेठेंत रविवारीं आठ वाजतां उठलेला अठरा वर्षांचा तरुण दृष्टीस पडणें ही गोष्ट हल्लीं ग्रहणाइतकी दुर्मिळ झाली आहे.

“आजोबा, आज माझ्याबरोबर चला. कार्टूनच्या चाहत्यांचा मेळावा आहे. एक फार जुने चित्रकार पाहुणे म्हणून येणार आहेत. तुम्हांला आवडेल.”

कार्टून आणि मी! ज्याचें इंग्रजी शिक्षण अकरावीच्या मॅट्रिकपाशीं संपलें आणि पुढची सारी हयात शब्दरूपावली व धातुरूपावली मुलांकडून घोकून घेण्यांत गेली, त्याला हें आमंत्रण. परंतु २०२५ सालच्या जानेवारींत याच मुलानें मला जपानांत तयार झालेला रामायणाचा चित्रपट दाखविला होता, आणि तो पाहून आल्यावर मी तीन दिवस त्याविषयींच बोलत होतों, असें घरांतील मंडळींचें म्हणणें आहे. तेव्हां नाहीं म्हणावयास तोंड उरलें नव्हतें. टोपी घातली, छत्री घेतली आणि निघालों.

सभागृहाच्या दारांत पाऊल टाकतांच क्षणभर वाटलें कीं यंदा शिमगा चुकला कीं काय. कोणाच्या पाठीला पुठ्ठ्याचे पंख, कोणाच्या हातांत स्वतःहून उंच तलवार, एकाच्या डोक्यावर शिंगें. हीं सारीं जपानी व अमेरिकन कार्टूनांतील पात्रें, असें नातवानें सांगितलें. सोंग आणणें ही आपल्याकडील जुनीच कला. बहुरूपी दारावर येई तेव्हां त्याच्या पोलिसाला भिऊन आम्ही आजीच्या पदरामागें दडत असूं. त्यामुळें दोन मिनिटांत मी रुळलों. निळ्या केंसांच्या एका मुलीनें मला पाहतांच आपली खुर्ची दिली व न मागतां पाणी आणून दिलें. केंसांवरून मनुष्याची परीक्षा करूं नये हें मी शाळेंत असतांना शिकलों असतों, तर कित्येक मुलांचे कान वांचले असते.

पाहुण्यांचें नांव मी मुद्दाम देत नाहीं. मीं त्यांची परवानगी घेतली नाहीं. आणि दिलें तरी वाचकांपैकीं कोणी तें ओळखील असें वाटत नाहीं. वय ऐंशीच्या घरांत. अंगांत पांढरा बुशशर्ट, खांद्याला कापडी पिशवी, एका कानांत ऐकण्याचें यंत्र. मुंबईस चाळीस वर्षें त्यांनीं कार्टूनच्या चित्रांचें काम केलें. साबणाच्या आणि बिस्किटांच्या जाहिराती, पाणी उकळून प्या म्हणून सांगणारे बोधपट, असें तें काम. ते व्यासपीठाच्या पायऱ्या चढूं लागले आणि तीनचारशें मुलें एकदम उठून उभीं राहिलीं, टाळ्या थांबेनात. वृद्ध गृहस्थांनीं मागें वळून पाहिलें. आपल्या पाठीमागून कोणी मोठा मनुष्य येत आहे, अशी त्यांची समजूत झाली असावी.

भाषण त्यांनीं केलेंच नाहीं. पिशवींतून कागद काढले आणि दोन चित्रें काढलीं: एकांत मनुष्याचा हात मांडीवर, दुसऱ्यांत तोच हात नमस्कारासाठीं कपाळापाशीं गेलेला. हीं दोन चित्रें काढणारा तो मुख्य चित्रकार. मग या दोहोंच्या मधला हात कोण काढतो? तो काढणाराला त्या धंद्यांत ‘इनबिट्वीनर’ म्हणतात. “मधल्या चित्रांचा कारकून,” असें त्याचें भाषांतर त्यांनींच हंसत केलें. चाळीसांपैकीं पहिलीं अकरा वर्षें ते हे कारकून होते.

हिशोब त्यांनीं सांगितला तो मीं टोपीच्या आंत ठेवलेल्या कागदावर टिपून घेतला. पडद्यावर एका सेकंदांत चोवीस चित्रें सरकतात. एकेका चित्राचा फोटो दोनदां घेतला तरी सेकंदास बारा चित्रें लागतात, मिनिटास ७२०. दहा मिनिटांच्या बोधपटांत एकच मनुष्य सारा वेळ हालत राहिला तर ७,२०० कागद. दुसरा मनुष्य आला कीं त्याचे निराळे. कागदाच्या कडेला भोंकें असतात, तीं मेजावरच्या खुंट्यांत बसवावयाचीं, म्हणजे कागद केंसभरही सरकत नाहीं. मेजाला कांच, कांचेखालीं दिवा. खालचें चित्र वरच्या कागदांतून दिसतें आणि त्याच्या आधारानें पुढचें काढावयाचें. मग तीं सारीं पारदर्शक पत्र्यांवर शाईनें गिरवून, मागच्या बाजूनें रंग भरून, पार्श्वभूमीच्या चित्रावर एकेक ठेवून फोटो घ्यावयाचे. वैशाखांतही पंखा बंद, कारण कागद उडतात. हल्लीं हें सारें संगणकावर होतें. त्यांच्या वेळीं असें होतें.

समोरच्या एका मुलास त्यांनीं वर बोलावून मधलें चित्र काढावयास सांगितलें. मुलगा हुशार होता. त्यानें मांडी व कपाळ यांच्या बरोबर मध्यावर, जणूं पट्टीनें मापून, हात काढला. म्हाताऱ्यानें पाहिलें आणि म्हटलें, “गणित बरोबर आहे. पण हा हात लांकडाचा झाला.” हात खांद्याशीं बांधलेला आहे, तो सरळ रेषेंत वर जात नाहीं, बाहेरून वाटोळा जातो. शिवाय निघतांना सावकाश निघतो, मध्यें वेग घेतो आणि पोंचतांना पुन्हां सावकाश होतो. म्हणून दोन टोकांपाशीं चित्रें दाट आणि मध्यें विरळ. एवढें सांगून त्यांनीं भराभर तीन चित्रें काढलीं, पांचही कागद डाव्या हाताच्या बोटांत अडकवून उजव्या हातानें चाळले, आणि तो कागदावरचा मनुष्य आमच्या सर्वांच्या देखत नमस्कार करता झाला. नमस्कार कोणाला केला कोण जाणे. मीं मात्र बसल्या जागीं हात जोडले.

त्या वेळीं माझ्या डोक्यांत व्याकरणाचा किडा वळवळला, तो वाचकांनीं सोसून घ्यावा. या विद्येला इंग्रजींत ‘ॲनिमेशन’ म्हणतात. त्यांतील मूळ लॅटिन शब्द ‘ॲनिमा’, म्हणजे श्वास, जीव. आणि आपला ‘अन्’ धातु, ज्यापासून प्राण, अपान, व्यान हे शब्द झाले, तो त्याच कुळांतला. म्हणजे ॲनिमेशन याला प्राणप्रतिष्ठा म्हटलें तर तो अलंकार होत नाहीं, धात्वर्थच आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणांत चित्रसूत्र म्हणून एक भाग आहे. त्यांत मार्कंडेय ऋषि वज्र राजास सांगतात कीं नृत्यशास्त्र कळल्याखेरीज चित्रकला कळणें कठीण. तेथेंच पुढें म्हटलें आहे कीं लाटा, ज्वाळा, धूर आणि पताका हीं जो वाऱ्याच्या गतीनें काढतो तोच खरा चित्रज्ञ. निजलेल्या मनुष्यांत चेतना दिसली पाहिजे व मेलेल्यांत ती दिसतां कामा नये. मीं हा भाग पाठशाळेंत असतांना वाचला होता. परंतु एका स्तब्ध चित्रांत गति कशी असावी याचा अर्थ मला चाळीस वर्षांनीं, निळ्या केंसांच्या मुलीच्या शेजारीं बसून, पांच कागदांवरून कळला.

सभागृहांत अर्धे लोक जपानी पात्रांच्या वेषांत होते, यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु ही विद्या आपल्याकडेही जुनी आहे, आणि तिच्यांत मराठी मंडळींचा हात पहिल्यापासून आहे, हें त्यांतील किती जणांना ठाऊक असेल? कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ च्या सुमारास कांचेवर रंगविलेलीं चित्रें दिव्यानें पडद्यावर पाडून, त्यांना हालवून, रामायण-महाभारतांतल्या कथा दाखवीत. त्या खेळाला त्यांनीं ‘शांबरिक खरोलिका’ असें भारदस्त नांव दिलें होतें. शांबरी म्हणजे माया, शंबरासुराची विद्या. कै. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) सर्वांना माहीत असतो. पण तो काढण्याच्या आधीं, १९१२ सालीं, भांडवल देणारांची खात्री पटावी म्हणून त्यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा लावला आणि कित्येक दिवस थोडथोड्या वेळानें त्याचा एकेक फोटो घेतला. पडद्यावर तो दाणा फुटून अंकुर वर येतांना दिसला. घरांतल्या कुंडीपुढें रोज तसेंच न हालतां यंत्र धरून बसणारा हा गृहस्थ शेजाऱ्यांना वेडाच वाटला असेल! पुढें १९१५ सालीं त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ म्हणून एक लहानसा चित्रपट केला. त्यांत आगपेटींतल्या काड्याच नटनट्या झाल्या.

आणि पुणें? प्रभात फिल्म कंपनी १९३३ सालीं कोल्हापुराहून पुण्यास आली व १९३४ सालीं तिनें ‘जंबू काका’ नांवाचा कार्टूनपट काढला. चित्रें रघुनाथ केळकर यांचीं. हितोपदेश शिकलेल्या मनुष्याला ‘जंबुक’ म्हणजे कोल्हा हें सांगावें लागत नाहीं. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६), त्यांतलें तें विमान, यांच्या गोष्टी मीं वडिलांच्या तोंडून शंभरदां ऐकल्या. प्रभातची जुनी जागा, जेथें १९६० पासून चित्रपट शिकविणारी सरकारी संस्था आहे, तिच्यावरून मी किती वेळां गेलों असेन त्याची गणती नाहीं. केळकरांचें नांव मात्र मला साठी उलटल्यावर कळलें, तेंही नातवाच्या फोनांतून. ज्या गांवांत पाटी लावल्याखेरीज कोणतीही गोष्ट पुरी होत नाहीं, त्या गांवच्या माणसाची ही गोष्ट.

यांतल्या त्यांत एकाच नांवाला मोठा मान मिळाला, तें राममोहन यांचें. ते मूळचे मद्रासकडचे. जन्म १९३१ चा. मुंबईस रसायनशास्त्र शिकावयास आले आणि १९५६ सालीं सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमधील कार्टून विभागांत शिरले. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तेथें शिकविण्यास आले होते, आमचे जी. के. गोखलेही त्याच विभागांत. बुद्धाच्या पूर्वजन्मींची वटमृगाची जातककथा त्यांनीं १९५७ सालीं ‘द बॅनियन डीअर’ या नांवानें पडद्यावर आणली. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) मधील चित्रांचा भाग राममोहन यांचा. शाळेसाठीं हट्ट धरणारी युनिसेफची ‘मीना’ही त्यांच्याच हातची. २०१४ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां त्यांचें वय ब्याऐंशी होतें. २०१९ सालीं ते गेले. त्याच वर्षीं विजया मुळेही गेल्या. दूरदर्शनवर ज्यांचें बालपण गेलें त्यांना ‘एक अनेक और एकता’ (१९७४) पाठ असतो. तो एका मराठी बाईंनीं दिग्दर्शित केला हें मात्र सांगावें लागतें.

वर उल्लेखिलेल्या रामायणाच्या तीन दिग्दर्शकांपैकींही राममोहन एक. मूळ कल्पना युगो साको या जपानी गृहस्थांची. ते १९८३ सालीं एका उत्खननावर माहितीपट करण्यासाठीं भारतांत आले आणि रामकथेंत गुंतले ते गुंतलेच. परक्यांनीं आमचा राम कार्टूनांत काढावा हें येथें पुष्कळांना रुचलें नाहीं, विरोध झाला. खरें सांगावयाचें तर त्या वेळीं मला कोणी विचारलें असतें तर मींही विरोधाच्याच कागदावर सही केली असती. जपानांतल्या शेंकडों चित्रकारांनीं मिळून हातानें सुमारें एक लाख चित्रें काढलीं; पोशाख, वास्तु, रीतिरिवाज यांत चूक होऊं नये म्हणून भारतीय कलावंत तेथें साहाय्यास होते. १९९३ सालीं चित्रपट लोकांसमोर आला. त्याच्या मूळ इंग्रजी प्रतींतलीं गीतें संस्कृतांत आहेत, वसंत देव यांनीं रचलेलीं आणि वनराज भाटिया यांनीं स्वरबद्ध केलेलीं. इंग्रजी बोलणारा राम आणि संस्कृत गाणारी पार्श्वभूमि! नातवानें तीं गीतें मला फोनवर ऐकविलीं, आणि एकाही विभक्तीला धक्का लागलेला नाहीं हें मीं कान देऊन तपासलें.

पण तीन दिवस मी बोलत राहिलों तें गीतांमुळें नव्हे. चित्रपटांत मारुति समुद्र उल्लंघितो तेथें मला दुसराच एक मारुति आठवला, आणि तो विषय तोंडाशीं येऊं नये म्हणून मी इतर सर्व विषय बोलत होतों.

१९८७ सालची गोष्ट. आठवीच्या वर्गांत मी संस्कृत शिकवीत होतों. मागच्या बांकावरचा एक मुलगा मान खालीं घालून कांहीं करीत होता. जवळ जाऊन पाहतों तों शब्दरूपावलीच्या उजव्या पानांच्या खालच्या कोपऱ्यांत पेन्सिलीनें इवलाले मारुति काढलेले. पानें अंगठ्यानें सोडलीं कीं मारुति गुडघे वांकवून, शेंपूट उभारून, डोंगरावरून उडी घेई. एकतिसाव्या पानावर तो समुद्राच्या वर, अधांतरीं होता. पुढलीं पानें कोरीं. मीं पुस्तक ओढून घेतलें आणि वर्गापुढें उभें करून त्याला विचारलें, “बापानें पुस्तक माकडें काढावयास घेऊन दिलें काय?” वर्ग हंसला. मग ‘हरि’ शब्द चालवावयास सांगितला. त्यानें सातही विभक्ति, तीनही वचनें, संबोधनासह, न चुकतां म्हटलीं. तरीही मीं पुस्तक दिलें नाहीं. हरि या शब्दाचा वानर असाही अर्थ आहे, हें मीं वर्गांत पूर्वीं स्वतःच सांगितलेलें होतें. त्या दिवशीं मला तें आठवलें नाहीं. त्याला आठवलें असेल.

त्याच्या वडिलांना मीं चिठ्ठी पाठविली. त्या वर्षीं तो चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेस बसावयाचा होता, तो बसला नाहीं. ड्रॉइंगच्या मास्तरांनीं मला हें सांगितलें तेव्हां मीं दिलेलें उत्तर मला शब्दशः आठवतें: “बरें झालें, आतां संस्कृताकडे लक्ष देईल.” वर्षअखेरीस पुस्तक परत देईन म्हणून ट्रंकेंत ठेवलें. मे महिन्यांत वडिलांची बदली झाली, मुलगा शाळा सोडून गेला, आणि पुस्तक ट्रंकेंतच राहिलें. मी त्याचें सारें आयुष्य बिघडविलें असें म्हणावयाला मजजवळ आधार नाहीं. पुष्कळ मुलें चित्रें काढतात आणि पुढें सोडून देतात. परंतु त्यानें आपल्या वेळीं आपण सोडून देणें आणि मीं सोडावयास लावणें या दोन गोष्टी एक नव्हेत.

सभागृहांत प्रश्नांची वेळ आली. एका तरुणानें विचारलें, आतां कृत्रिम बुद्धिमत्ता मधलीं चित्रें आपोआप काढील, तुम्हांला वाईट वाटत नाहीं काय? म्हातारबोवांनीं कानांतलें यंत्र सारखें करून प्रश्न पुन्हां विचारावयास लावला आणि म्हणाले, “काढूं द्या कीं. माझे डोळे त्यांत गेले.” मुलें हंसलीं, पण ते विनोद करीत नव्हते. मग म्हणाले, यंत्रानें काढलेलीं चित्रें ते पाहतात. हात कधीं लांकडाचा होतो, कधीं होत नाहीं. ज्याला तो फरक दिसतो असा एक मनुष्य तरी खोलींत पाहिजे.

मीही उभा राहिलों. टोपीमुळें असेल, ध्वनिक्षेपक लगेच मजपर्यंत आला. मीं विचारलें, “लहानपणीं चित्रें काढतां म्हणून शाळेंत आपणांस कोणी मास्तर रागावले काय?” खरें सांगतों, मला हवें तें उत्तर मीं मनांत तयार ठेवलें होतें. मास्तर रागावले, तरीही मीं जिद्द सोडली नाहीं, असें ते म्हणतील आणि माझा भार थोडा उतरेल.

“छे हो,” ते म्हणाले. “मला कुठें चित्रांचा नाद होता? मेहुण्याच्या ओळखीनें तेथें जागा मिळाली. महिन्याच्या महिन्याला पगार होता. नाद मागाहून लागला, पांचसहा वर्षांनीं. आमच्याबरोबर नाद असलेला एक मुलगा होता, तो फार चांगला होता. त्याच्या घरच्यांनीं त्याला परत नेलें.” एवढें बोलून ते थांबले, आणि मला वाटतें त्या मुलाचें नांव आठवूं लागले. तें त्यांना आठवलें नाहीं.

नंतर सह्यांसाठीं रांग लागली. कोणी वही पुढें करी, कोणी तलवार, कोणी हाताचें प्लास्टर. म्हातारबोवा प्रत्येकाला आपलें संपूर्ण नांव, वडिलांच्या नांवासह, देवनागरींत, वळणदार लिहून देत. व्यवस्थापक मंडळी घाई करूं लागली तरी त्यांनीं एकही काना लहान केला नाहीं. चित्रपटाच्या शेवटीं नांवांची यादी वर सरकते तींत या माणसाचें नांव असलेंच तर अर्धा सेकंद, म्हणजे त्यांच्याच हिशोबानें सहा चित्रांएवढें, दिसत असेल. मी रांगेंत उभा राहिलों नाहीं. गुडघे, हें एक कारण. दुसरें असें कीं माझें काम दुसऱ्याच माणसाकडे होतें.

घरीं आल्यावर ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांच्या वासांत तें पुस्तक जसेंच्या तसें होतें. पानें पिंवळीं पडलीं होतीं एवढेंच. नातवानें तें पांचसहा वेळां चाळलें व “आजोबा, हें कोणाचें?” असें विचारलें. मीं सांगितलें; कांहींच गाळलें नाहीं. आमच्या सौभाग्यवती पोळ्या लाटतां लाटतां आंतून ऐकत होत्या. त्यांनाही ही हकीकत प्रथमच कळली. नातू मला कांहींच बोलला नाहीं, हें मला फार लागलें. त्यानें फोन काढला, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं दोघांतिघांना निरोप धाडले, आणि सायंकाळपर्यंत पत्ता लागला. मुलगा पुण्यांतच होता. मुलगा म्हणावयाचें, वय एक्कावन.

गुरुवारीं दिवेलागणीस तो आला. विम्याच्या कचेरींत असतो. केंस माझ्याहून कमी. बरोबर बारा वर्षांची मुलगी. त्यानें वांकून नमस्कार केला, तेव्हां मला ओशाळल्यासारखें झालें. चहा झाला, पावसाच्या गोष्टी झाल्या, मग मीं पुस्तक पुढें केलें आणि म्हटलें, “हें तुझें. देण्यास फार उशीर झाला. त्या दिवशीं मीं वर्गांत बोललों तें बोलावयास नको होतें. चुकलें माझें.” अडतीस वर्षें शिक्षक म्हणून व नंतर पेन्शनर म्हणून काढलीं, त्यांत हें वाक्य मीं एखाद्या विद्यार्थ्याला पहिल्यानेंच म्हटलें.

“अहो सर, काय हें,” असें म्हणून त्यानें पुस्तक हातांत घेतलें. एकदां चाळलें, पुन्हां चाळलें. मग बराच वेळ नुसतेंच धरून बसला. “मला वाटलें होतें तुम्ही तें फाडून टाकलेंत,” तो म्हणाला. “घरीं गेल्यावर बाबांनीं बाकीच्या वह्या फाडल्या होत्या.”

मला ती वह्यांची गोष्ट ठाऊक नव्हती. माझी चिठ्ठी ठाऊक होती.

मुलीनें मात्र पुस्तक बापाच्या हातून ओढून घेतलें आणि दिव्याखालीं जाऊन पुनःपुन्हां सोडूं लागली. “बाबा, उडतांना त्याची शेंपटी आधींच वर जाते. ती मागून यायला हवी ना?” मेळाव्यांतल्या म्हाताऱ्यानें हातासंबंधीं जें सांगितलें तें मीं तिला जमेल तसें सांगितलें. निघतांना सावकाश, मध्यें वेगानें, पोंचतांना सावकाश. मध्यें चित्रें विरळ. तिनें बोटांवर मोजलें. मग विचारलें, “म्हणजे लंकेपर्यंत किती पानें लागतील?”

नातवानें कागदावर हिशोब मांडून दाखविला. पुस्तकाचीं उरलेलीं पानें पुरत नाहींत, असें ठरलें. बापानें आधीं ‘नको, नको’ म्हटलें, आणि मग नातवाजवळ पेन्सिल मागितली. साडेनऊ वाजले तरी तीं तिघें ओसरीवर बसलेलीं होतीं. शेवटीं सौभाग्यवतींनीं पिठलेंभाताचीं पानें मांडलीं.